शपथेत हवा नव्हती

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर दाखवलंत, की माडीवरचा कॉम्प्युटर आणि खालच्या खोलीतला कॉम्प्युटर आता वायरशिवाय एकमेकांशी बोलतात. ईशानने विचारलं, "आजी, तुला हे कळतंय ना?" मी म्हटलं, हे मी धुळ्यात पाहिलंय, तुमची आई शाळेत होती तेव्हा. तुम्ही हसलात. तुमची आईही हसली. खरं तर तिला आठवायला हवं होतं, कारण आमच्या टीव्हीवर आडवे पट्टे उमटले की सगळ्यात जास्त कुरकुर तिचीच असायची. तेव्हा ठरवलं, हे एकदा लिहूनच काढावं. त्या माणसाला ओळखणारे आता थोडे उरले आहेत आणि माझी स्मरणशक्ती अजून तरी माझं ऐकते.

तो माणूस म्हणजे आमचे घरमालक. गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत. धुळ्यात पांझरा नदी ओलांडली की देवपूर लागतं. तिथे त्यांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यातली बदली होती आणि मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते.

आबा निवृत्त तारमास्तर. हे काय असतं ते तुम्हाला सांगायला हवं. पत्राला दिवस लागत, म्हणून घाईचा निरोप असला की लोक तार ऑफिसात जात आणि तो थोडक्या शब्दांत लिहून देत. तारमास्तर बोटाखालच्या खटक्यावर कट्ट-कडकट्ट करत, टिंब आणि रेघांच्या लिपीत, तो विजेच्या तारेवरून दुसऱ्या गावी पाठवी. तिथला तारमास्तर कानाने ऐकून तो कागदावर उतरवी. तो कागदही तारच आणि निरोप ज्यावरून आला तीही तारच. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे लक्षात ठेवा.

तारेत शब्द मोजून वापरायचे असतात. आबांनी ती सवय घरी आणली होती. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते जिन्याखाली उभे राहून म्हणाले, "पाणी सकाळी. दार हळू. चपला खाली." बाकीच्या घरमालकांशी ज्या गोष्टींवर तासभर बोलावं लागतं, त्या तेवढ्यात संपल्या. कुणाकडे मयत झालं की दाराशी जाऊन "कळलं. वाईट झालं," एवढंच म्हणत आणि मग बराच वेळ नुसते बसून राहत. गल्लीतल्या बायका सांगायच्या, आबा बसले की घरातलं रडणं आपोआप थांबतं.

त्यांचे कान मात्र बोटांसारखे चालायचे. एकदा सकाळी वर येऊन मला म्हणाले, "मॅडम, तुमचा नळ ई म्हणतोय."

"काय म्हणतोय?"

"ई. एक टिंब म्हणजे ई. काल संध्याकाळपासून ई, ई, ई. वायसर बदला."

मी वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आभारी. झोप लागली."

निवृत्तीनंतर त्यांनी बिनतारी यंत्राचा सरकारी परवाना काढला होता. हौस म्हणून घरातून संदेश पाठवणारे असे लोक देशोदेशी असतात. संध्याकाळी खालच्या खोलीतून बारीक शीळ घातल्यासारखे आवाज येत. आबा डोळे मिटून हेडफोन लावून बसलेले असत. त्यांना पत्नी नव्हती, मूलबाळ नव्हतं. "कोण होतं आज?" मी विचारायची. "जपान. पाऊस आहे," किंवा "रशिया. दात दुखतोय." दात रशियातल्या माणसाचा दुखत असे.

जपानमधल्या पावसाची खबर असलेल्या या माणसाला भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाशी मात्र बोलता येत नव्हतं.

त्या प्लॉटवर दोन घरं होती, मध्ये एकच भिंत. अलीकडे आबा, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांची उमर सुरतेच्या कापडगिरणीत गेली. गिरणी बंद पडल्यावर ते परत आले, तेव्हा छातीत कापसाची धूळ घेऊनच आले. त्यांचा खोकला आमच्या माडीपर्यंत ऐकू यायचा. खोकला सुरू झाला की खाली आबांचं जेवण थांबायचं आणि थांबला की पुढे सुरू व्हायचं. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

भांडणाची हकीकत नाना कुणालाही सांगत. पारावर, न्हाव्याकडे, आमच्या जिन्यातसुद्धा. त्यांचं बोलणं अहिराणी, खानदेशी. ते असं होतं: "मायनी तब्येत बिघडनी तवय मी सुरतले व्हतू. भाऊ तारमास्तर. त्यानी तार धाडी, मे महिनामां ये. मे महिनामां! माय फागुनमां गयी."

म्हणजे आई आजारी पडली ती होळीच्या सुमारास आणि फाल्गुन संपायच्या आत गेली. नानांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. आलेली तार गिरणीतल्या कारकुनाने वाचून दाखवली, मे मध्ये या म्हणतात. नानांना वाटलं, आखाजीला बोलावलंय. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात दिवाळीहून मोठा सण, तो त्याच सुमाराला येतो. त्यांनी आनंदाने आखाजीची रजा मागून ठेवली. पुढे गावाकडचा कुणी भेटला, त्याने विचारलं, "मायना दहावाले तू कसा उना नही?" दहाव्यालाही तू आला नाहीस?

नाना आले ते सरळ आबांच्या दाराशी उभे राहिले आणि चार माणसांसमोर त्यांनी शपथ घेतली. तुझा उंबरठा ओलांडणार नाही. तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तोंडाने बोलणार नाही. तुझा कागद हातात घेणार नाही. आणि तुझी तार पुन्हा माझ्या दारात नको.

आबांनी खुलासा केला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आपण असं का लिहिलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तारेतला मजकूर तोंडाने सांगत नाहीत. ज्याची त्याला द्यायची."

"पण ती केव्हाच दिली ना?"

"कागद पोचला. तार पोचली नाही."

हे मला तेव्हा कळलं नाही. एवढंच दिसलं, की जगभराचे निरोप पोचते केलेल्या या माणसाच्या हिशेबी एक तार अजून वाटेत होती आणि ती घेणाऱ्या माणसाचा श्वास दर हिवाळ्यात कमी होत चालला होता.

दोन घरांमध्ये मोकळेपणाने ये-जा करणारी एकच व्यक्ती होती, नानांची सून. शपथ नानांची, तिची नव्हे. पुढच्या खोलीत ती टायपिंगचा क्लास चालवायची. टाइपरायटरचे दिवस सरत आले, म्हणून तिने क्लाससाठी एक कॉम्प्युटर घेतला. ज्या दिवशी तो आला, त्या दिवशी आबा पहिल्यांदाच बिनकामाचे वर आले आणि आजोबांना विचारू लागले. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं दुसऱ्यावर उमटतं का?

आजोबा इंजिनिअर. ते खूश झाले. "उमटतं की. भिंतीला एक भोक पाडा, केबल टाका. झालं काम."

"केबल म्हणजे?"

"वायर हो."

"वायर म्हणजे?"

आजोबा उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच थांबले. "तार," ते म्हणाले.

"तार नको म्हणालाय," आबा म्हणाले.

"अहो आबा, त्यांनी ती दुसऱ्या अर्थाने…"

"शपथही तारेसारखी. जेवढे शब्द दिले तेवढे. अर्थ आपण घालायचा नसतो."

"मग फोन करा."

"फोन म्हणजे तोंड आणि तार. दोन्ही."

आजोबा वैतागले. "मग राहिलं काय?"

आबांनी बोटांवर मोजलं. उंबरठा, पाणी, तोंड, कागद, तार. हात उघडाच ठेवून ते म्हणाले, "हवा." आणि जरा थांबून, "बिनतारी."

मी शब्दांवर पोट भरणारी बाई. हा शब्द हजारदा ऐकला होता, पण त्यातली तार कशी काढून टाकलेली आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतर आबांनी जे केलं ते आठवलं की अजून माझे हात जोडले जातात. नाशिकहून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, एसटीने. पडदा शेजारच्या सीटवर शालीत गुंडाळून बसवलेला. कंडक्टर म्हणाला, "आबा, नातू का? अर्धं तिकीट लागेल." आबांनी खरंच अर्धं तिकीट काढलं. मग कॉम्प्युटर आणि बिनतारी यंत्र यांच्यामध्ये बसवायची एक पेटी त्यांनी स्वतः बांधली. ती अक्षरांचे आवाज करायची आणि आवाजांची पुन्हा अक्षरं. अशा दोन पेट्या लागणार होत्या, पलीकडे आणखी एक बिनतारी यंत्र आणि परवाना असलेलं माणूसही. बेकायदा काही करायचं नाही, यावर आबा ठाम होते. तेव्हा सूनबाई परीक्षेला बसली. आबांनी तिला टिंब आणि रेघ शिकवली, मी तिच्याकडून इंग्रजी नियम वाचून घेतले. पोळ्या लाटताना ती लाटणं पाटावर आपटून धडा म्हणायची. नानांना तिने सांगितलं, सरकारी परीक्षा आहे. ते खोटं नव्हतं. ती पास झाली.

पण यंत्रं बोलेनात. आबांचा संदेश जपानला जायचा, भिंतीपलीकडे मात्र नुसता खरखराट. गल्लीतल्या टीव्हींवर पट्टे उमटायचे ते याच दिवसांत. गल्लीतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, "आबा, भिंतीपलीकडे धाडनं शे ना? मग हाक मारा. आख्खी गल्ली आंधळी कशाले करतस?" आबा शांतपणे म्हणाले, "कळलं. दुरुस्त करतो." चूक काय होती ते त्यांनीच शोधलं. आवाज कमी नव्हता, फार मोठा होता. कानात तोंड घालून ओरडलं तर शब्द कळत नाहीत, तसं. मग छतावरच्या उंच खांबाची, म्हणजे अँटेनाची, जोडणी त्यांनी काढली आणि तिच्या जागी विजेरीचा एक छोटा दिवा लावला. संदेश गेला की तो दिवा क्षणभर मिणमिणायचा. बहुतेक जोर त्या दिव्यातच जिरायचा आणि उरलेल्या बारीक आवाजाने काम झालं. पलीकडून सूनबाईने पाठवलेले एक ते दहा आकडे आबांच्या पडद्यावर ओळीने उभे राहिले. आजोबा टाळी वाजवायला गेले. आबांनी हात वर केला. "अजून नाही."

आता नानांना विचारणं आलं. सूनबाईने ते कसं केलं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. दुपारची भाकरी वाढताना ती म्हणाली, "नाना, आबासले तुमले काही सांगनं शे. तोंडघाई नही, कागदवर नही, तार बी नही. हवामाईन." तोंडाने नाही, कागदावर नाही, तारेनेही नाही; हवेतून.

नाना बराच वेळ जेवत राहिले. तारेचा विषय निघाला की ते ताटावरून उठत, तसे उठले मात्र नाहीत. हात धुताना म्हणाले, "हवानी शपथ मी खादी नही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी मला खाली बोलावलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पडद्यावरची अक्षरं पुसट दिसत. तार पाठवण्याआधी दुसऱ्याकडून परत वाचून घ्यायची, हा त्यांच्या ऑफिसातला रिवाज होता. "मी लिहितो. तुम्ही वाचा. मग पाठवू." त्या वेळी आपल्या कॉम्प्युटरांवर देवनागरी नव्हती, म्हणून अक्षरं इंग्रजीच होती. एका बोटाने, प्रत्येक कळ खटका दाबावा तशी दाबत, त्यांनी एक ओळ लिहिली:

MAY SHE TOVAR YE

"वाचा," ते म्हणाले.

मी इंग्रजीची प्राध्यापिका. मी वाचलं, "मे शी…" आणि अडले. इंग्रजीत अशी सुरुवात प्रार्थनेची असते: तिला शांती लाभो, तिचं भलं होवो. पुढे काय असेल म्हणून मी शोधू लागले. "मे शी काय, आबा? वाक्य पुरं नाहीये."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. बऱ्याच वर्षांनी ओळखीचा कुणी भेटावा तसे.

"तोही इथंच अडला असेल," ते म्हणाले. "कारकून."

मग मला ऐकू आलं. इतकी वर्षं धुळ्यात राहून, भाजीवालीपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून दिवसातून शंभरदा ऐकलेलं. माय शे, तोवर ये. माय आहे तोवर ये. गिरणीतल्या कारकुनाने MAY चा महिना केला होता आणि मधलं सोडून शेवटचा 'ये' तेवढा धरला होता.

"तुम्ही 'मदर सीरियस' असं का नाही पाठवलंत?" मी विचारलं. सगळे तेच पाठवत. ते दोन शब्द तर तार ऑफिसातल्या भिंतींनाही पाठ असतील.

आबांनी त्या दुपारी मला जेवढं सांगितलं, तेवढं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं. "ते मी रोज ठोकायचो. याची आई, त्याची आई. बोटांना सवय झालेली. मनात काही हलायचं नाही. आपल्या मायचं तसं नको वाटलं. तिला ती भाषा येत नव्हती. तिच्या बोलीत धाडली. माझ्या कानाला ती माय होती. कट्ट-कडकट्ट करताना महिना ऐकू येत नाही, मॅडम."

त्यांनी कळ दाबली. पेटीने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, छोटा दिवा मिणमिणला आणि पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटली, की संदेश पलीकडे पोचला. हे या यंत्रांचं वैशिष्ट्य होतं, पोच आपोआप येई.

"पोचली, आबा," मी म्हटलं.

"यंत्राला पोचली."

आम्ही बसून राहिलो. भिंतीपलीकडून सूनबाईचा आवाज आला. ती काय वाचत होती ते कळत नव्हतं, पण वाक्य आखूड होतं. ती एकदा वाचून थांबली. मग पुन्हा वाचलं, सावकाश. त्यानंतर काहीच नाही. खोकलासुद्धा नाही. आबांचे डोळे मिटलेले होते आणि हात मांडीवर पालथे. मी पडद्याकडे पाहत होते. उन्हाळ्याचे दिवस, दुपारी वीज जायची रोजची वेळ जवळ येत होती आणि मी मनातल्या मनात वीज मंडळाला विनवत होते.

पलीकडे खुर्ची सरकली. भिंतीच्या बाजूला सरकली, हे दोघांनाही कळलं.

पडद्यावर एकेक अक्षर नाही, आख्खी ओळ एकदम आली. आबा म्हणाले, "वाचा." या वेळी मी इंग्रजी बाजूला ठेवलं.

"माय काय बोलनी," मी वाचलं. आई काय म्हणाली?

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. मग ते लिहू लागले. पहिली ओळ मी वाचली, कारण वाचायचं काम माझं होतं. आई म्हणाली होती, दार लावू नका, धाकला पहाटेच्या गाडीने येईल, त्याला भूक लागलेली असेल. आबांनी ओळ पाठवली आणि पोचेची वाट न पाहता दुसरी सुरू केली, मग तिसरी. परत वाचून घ्यायला ते आता थांबत नव्हते. मी उठले. ज्याची तार त्याला द्यायची असते, एवढं मी त्यांच्याकडून शिकले होते.

वीज त्या दुपारी गेली नाही. माडीवरून मला दिवेलागणीपर्यंत कळांचा आवाज येत होता. अधूनमधून तो थांबायचा, पलीकडून काही यायचं आणि पुन्हा सुरू व्हायचा. तीन शब्दांत पाऊस सांगणारा हा माणूस आईचं शेवटचं दुखणं पहिल्या तापापासून लिहीत होता. ती काय प्याली, कोण कोण बसलं होतं, तिने कुणाकुणाची नावं घेतली. हे सूनबाईने मला सांगितलं, आणि तिनेही एवढंच सांगितलं.

त्यानंतर रोज दुपारी दोन्ही घरांत कॉम्प्युटर लागायचे. सूनबाईला रोज बसणं झेपेना, पण परवाना तिचा, त्यामुळे शेजारी ती हवीच. म्हणून ती तिथेच भाजी निवडत बसे आणि नाना तिच्याकडून अक्षरं शिकत स्वतः लिहीत. इंग्रजी अक्षरं त्यांनी त्या वयात शिकली. आबा मला सांगायचे, "आज नाना. मेथी स्वस्त," किंवा "नाना. झोप बरी."

शपथ मोडली का, असं तुम्ही विचाराल. नाही मोडली. नाना आबांच्या उंबऱ्यावर आले नाहीत, त्यांच्या घरचं पाणी प्याले नाहीत, त्यांच्याशी तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघं थांबायचे, एकमेकांकडे पाहायचे आणि आपापल्या वाटेने जायचे. लोकांना ते भांडण वाटायचं. मी खिडकीतून पाहायची आणि मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. पुढे एका हिवाळ्यात नाना गेले. आबा भिंतीपलीकडे जाऊन बसले.

त्यांचं ते लिखाण कुठेही उरलेलं नाही. तेव्हाचा पडदा भरला की वरच्या ओळी वर सरकून नाहीशा होत आणि साठवून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आबाही गेले. दोन्ही कॉम्प्युटर भंगारात गेले, टायपिंगचा क्लास बंद झाला. घरं आहेत आणि मधली भिंतही आहे. सूनबाई आता माझ्यासारखीच आजी झाली आहे. तिचा परवाना चालू आहे, तो तिने कधी खंडित होऊ दिला नाही. रविवारी सकाळी ती अजून खटक्यावर बसते आणि जपानला पाऊस आहे का, ते विचारते.

तुमची,
आजी